मालकांचं बाळंतपण

एक गाढवपणा आधीच कबूल करून टाकते, म्हणजे पुढचं सांगायला सोपं जाईल. माझ्या नवऱ्याला लिम्फोमा झाला, म्हणजे गाठींचा कॅन्सर, आणि मी त्या माणसाला बाळंतीण करून ठेवलं. चेष्टा करत नाही. खरोखरच्या बाळंतिणीसारखं ठेवलं. अंधाऱ्या खोलीत, कान बांधून, खिडकीला बारदाना ठोकून, जेवणावर बाळंतशेपा चावायला देऊन. पाळणा तेवढा टांगायचा राहिला होता.

तेव्हा मी काही कोवळी पोर नव्हते. पन्नाशी गाठलेली, सून घरात आलेली. गावात कुणाची लेक बाळंतपणाला माहेरी आली की पहिला निरोप मला यायचा. मी गेले की बाकीच्या बायका बाजूला सरायच्या आणि मी बाजेजवळ मांडी ठोकून बसायची. खिडकी उघडी दिसली की डोळे वटारायची, पोरीच्या कानाचं फडकं सैल दिसलं की तिच्या आईचा उद्धार करायची. ती बाई आज मला रस्त्यात भेटली तर मी तिच्या डोक्यात एक टपली मारीन आणि न बोलता पुढं जाईन.

मालकांबद्दल सांगते. आमच्याकडं नवऱ्याला मालक म्हणायची पद्धत आहे, खरा मालक कोण हे घरातल्या माणसांना माहीत असतं. जालना जिल्ह्यात, अंबड तालुक्यात आमचं शेत. कापूस असायचा, तूर असायची, पण मालकांचा जीव मोसंबीच्या बागेत. सकाळी भाकरी बांधून गेले की दिवस मावळायला परत. उन्हाळा असो, पावसाळा असो, हा माणूस सावलीत बसला तर फक्त जेवणापुरता. लग्न झाल्यावर मी त्यांना पहिल्यांदा टोपीशिवाय पाहिलं तेव्हा मला हसू आवरलं नव्हतं. कपाळावर आडवी रेघ, रेघेच्या वर पांढरं, खाली तवा. दोन वेगळ्या माणसांचे तुकडे जोडून एक केल्यासारखं. त्या उन्हाबद्दल पुढं बोलायचं आहे म्हणून ही रेघ लक्षात ठेवा.

नवं शतक लागून थोडीच वर्षं झाली होती. पोराकडं मोबाईल नुकताच आला होता आणि बोलायचं असलं की तो घरावरच्या माळवदावर चढायचा. मालकांच्या मानेत एक गाठ आली. फवारणीच्या पंपाचा पट्टा घासून आली असेल म्हणून त्यांनी पट्टा दुसऱ्या खांद्यावर घेतला. मग दुसऱ्या बाजूलाही आली. दुपारी अंग तापायचं, रात्री एवढा घाम यायचा की सकाळी वाकळ पिळून वाळत घालावी लागायची. तालुक्याच्या डॉक्टरांना वाटलं टीबी आहे. त्या गोळ्या बरेच दिवस खाल्ल्या. गाठी मात्र वाढत गेल्या, काखेत आल्या, आणि माणूस बसल्या जागी वाळायला लागला. शेवटी पोरगा औरंगाबादला घेऊन गेला. तिथं एक गाठ काढून तपासायला पाठवली.

निकाल पोराच्या हातात पडला तेव्हा मी दवाखान्याच्या बाकावर मोसंबी सोलत होते. पोरानं येऊन सांगितलं. मी ऐकलं. हातातली मोसंबी सोलून झाली, फोडी काढल्या, बिया काढल्या. मग पिशवीतून दुसरी घेतली. ती सोलली. पोरगा म्हणाला, "आई, बास कर आता." मी पाहिलं तर मांडीवर सगळ्या फोडीच फोडी होत्या, खायला कुणीच नव्हतं. मला रडू वगैरे काही आलं नाही. हाताला सालीचा वास येत होता एवढं आठवतं. पुढची सारी वर्षं मी अशीच होते. हात चालायचे, आत कुठंतरी बधीर.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. हळू आवाजात बोलायच्या, पण नजर पक्की. त्यांनी समजावून सांगितलं की सलाईनमधून औषध द्यायचं, मग मधे काही आठवडे सोडायचे, मग पुन्हा. केस जातील. रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी होतील, म्हणून गर्दीत न्यायचं नाही, सर्दी-खोकल्याचं माणूस जवळ येऊ द्यायचं नाही, शिळं द्यायचं नाही. "मावशी, काकांना जपा," त्या म्हणाल्या.

आता मला जपायची एकच रीत ठाऊक होती. माझ्यावर ती झालेली होती. चार बाळंतपणं, तीन लेकरं. पहिलं बाळंतपण ऐन वैशाखात. सासूबाईंनी मला मधल्या खोलीत घातलं, खिडकीवर वाकळ टांगली, छताच्या झरोक्यावर फरशी सरकवली आणि बाजेखाली शेगडी ठेवली. बाहेर दगड तापून फुटायची वेळ आणि आत मी भाजून निघत होते. कानाला फडकं एवढं आवळून की सासूबाई काय बोलतात ते कळायचं नाही, हा एकच फायदा. तेव्हा मनात मी त्यांना काय काय बोलले ते इथं लिहीत नाही. आणि मग मीच, त्याच खोलीत, त्याच खिडकीवर, आपल्या हातानं बारदाना ठोकला. खिळे ठोकताना मला सासूबाईंची आठवणसुद्धा आली नाही. एवढी मी शहाणी.

मालक पहिलं औषध घेऊन घरी आले. मी त्यांना सरळ मधल्या खोलीत नेलं.

"हितं का?" ते म्हणाले.

"वारं लागंल."

"वारं काय, मी बागेत चाल्लोय."

"बाग पळून जात न्हाई. निजा."

कानाला फडकं बांधलं तेव्हा त्यांनी हात वर करून चाचपून पाहिलं. "हे काय करून राह्यली तू?"

"बाळंतिणीला बांधत्यात तसं."

"मंग मला झालंय काय, पोरगा का पोरगी?"

सून दारात उभी होती, ती तोंडाला पदर लावून आत पळाली. मी मात्र हसले नाही. मला वाटलं, हसलं तर हे उठून जातील.

दिवस तसे गेले. मी दूध द्यायची, मऊ भात द्यायची, डिंकाचे लाडू केले, ओव्याची धुरी दिली. ज्या माणसाला औषधानं मळमळत होतं त्याला मी धुरी दिली, हेही लिहून ठेवते. खोलीत एवढा अंधार की ताटातलं काय आहे ते हातानं चाचपून बघावं लागायचं. ते कधी म्हणायचे, "दिवस का रात्र?" मी सांगायची. ते म्हणायचे, "पाणी सोडलं का बागेला?" पोरगा सोडतोय म्हणून सांगायची. बागेच्या बाजूलाच ती खिडकी होती. बारदान्याच्या विणीतून उन्हाचे बारके ठिपके आत यायचे, ते पाहत पडून राहायचे. एक दिवस मी त्या बारदान्यावर आणखी एक बारदाना ठोकला.

केस गेले तेव्हा मात्र त्यांची खूप करमणूक झाली. मोसंबीवाल्यांना ठाऊक असतं, बहार धरायच्या आधी झाडाला ताण देतात. पाणी तोडतात. झाड सुकतं, पानं पिवळी पडून गळतात, बघणाऱ्याला वाटतं मेलं. मग पाणी सोडलं की फुलावर येतं. ताण कमी पडला तर फूल येत नाही, जास्त झाला तर झाडच जातं. मालक आपल्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाले, "मला ताणावर टाकलंय डॉक्टरनं. पानगळ झाली बघ. आता पाणी सोडा म्हणावं."

"सोडतील," मी म्हणाले.

"त्यांचा अंदाज बराबर पायजे फक्त," ते म्हणाले आणि भिंतीकडं तोंड करून निजले.

माझी नणंद, मालकांची थोरली बहीण, जांब समर्थच्या बाजूला दिलेली. आम्ही तिला आक्का म्हणायचो. सगळ्या आयुष्यात तिनं माझी एक गोष्ट चांगली म्हटलेली नव्हती. माझी भाकरी जाड, माझं बोलणं जादा, माझं लुगडं आखूड. ती भावाला बघायला आली, खोलीत गेली, अंधारात डोळे किलकिले करून तिनं सगळं पाहिलं. फडकं पाहिलं, बारदाना पाहिला, शेपाची वाटी पाहिली. बाहेर येऊन म्हणाली, "वहिनी, हे मातर बिलकुल बराबर केलंस."

लग्नाला तीस वर्षं उलटल्यावर मिळालेलं ते पहिलं सर्टिफिकेट. मी एवढी फुगले की दुसऱ्या दिवशी दाराच्या फटीतही चिंध्या कोंबल्या.

गाठी मात्र बसत होत्या. औषध लागू पडत होतं. डॉक्टरीणबाई मान चाचपून खूश व्हायच्या. पण मालक उठेनात. बाजेवरून उठायचं तर पोराचा खांदा लागायचा. मांड्या दुखायच्या, पाठ दुखायची, बरगड्यांवर बोट ठेवलं तरी ओरडायचे. औषधाचा थकवा असेल म्हणून काही दिवस गेले. मग एका खेपेला त्या बाईंनी विचारलं, "काका दिवसभर करतात काय?"

मालक शेजारीच खुर्चीवर होते. कानाला फडकं. मी म्हणाले, "बसत्यात. फिरत्यात."

"बाहेर?"

"हो की. बागेतच असत्यात."

हे वाक्य माझ्या तोंडातून कसं निघालं ते मला अजून कळलेलं नाही. त्या बाईंनी अंधाऱ्या खोलीबद्दल काही विचारलंही नव्हतं. पण मला वाटलं, ही शिकलेली बाई मला हसेल. म्हणजे नवरा कॅन्सरनं पडलेला आणि मला काळजी कशाची, तर कुणी हसेल याची. मालकांनी माझ्याकडं पाहिलं. मग वर पंख्याकडं पाहिलं.

बाईंनी रक्त घेतलं आणि तपासायला मुंबईला पाठवलं. पुढच्या खेपेला कागद समोर ठेवून त्या बराच वेळ बघत राहिल्या. "व्हिटॅमिन डी फार कमी आहे," त्या म्हणाल्या. मला त्यातलं काही कळलं नाही. त्यांनी सांगितलं, ते उन्हातून मिळतं. कातडीवर ऊन पडलं की शरीर आपलं आपण तयार करतं. हाडांना लागतं, स्नायूंना लागतं. मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, "शेतकरी माणूस, तेही जालन्याच्या उन्हातला. एवढं कमी कसं?"

मालकांनी टोपी काढून माझ्या हातात दिली.

त्यांना वाटलं पोटात शोषलं जात नसेल, नाहीतर लिव्हरचं काही असेल. आणखी रक्त काढायला सांगितलं. मालकांच्या हाताच्या शिरा औषधानं दोरीसारख्या कडक झालेल्या, नर्सला सापडेनात. इकडं टोचलं, तिकडं टोचलं. मी बाजूला उभी राहून पाहत होते. माझ्या एका खोट्यापायी त्यांना त्या सुया बसत होत्या आणि मी त्यांची टोपी हातात धरून उभी होते. तोंड उघडायला फार कष्ट नव्हते. पण जीभ हललीच नाही. सगळे निकाल साफ आले, लिव्हर चांगलं निघालं. बाईंनी पावडरची पुडी लिहून दिली, आठवड्याला एक, दुधातून. आणि म्हणाल्या, रोज ऊन द्या, टोपी काढून, हातपाय उघडे ठेवून, सोसेल तेवढंच.

घरी आल्या आल्या मी सरळ मधल्या खोलीत गेले. पकड घेतली आणि खिडकीचे खिळे उपटले. दोन्ही बारदाने खाली पडले, धूळ उडाली. ऊन थेट बाजेपर्यंत आलं. मालकांनी डोळ्यांवर हात घेतला. त्या हाताचा रंग मी तेव्हा पाहिला. पोटरी पाहिली, मान पाहिली. सगळं एकसारखं, भिजत घातलेल्या साबुदाण्यासारखं. कपाळावरची रेघ कुठं आहे ते शोधलं. नव्हती.

मला कुठंतरी थांबायचं कळलं असतं तर ही गोष्ट इथं संपली असती. पण मी ती मीच. बाईंनी सोसेल तेवढं म्हटलं होतं, मी दुसऱ्या दिवशीच मालकांना माळवदावर नेलं. चैत्र लागलेला, वर कुरडया वाळत घातलेल्या. एका बाजेवर कुरडया आणि शेजारच्या बाजेवर मालक, बंडी काढून. मी दर थोड्या वेळानं वर जायची, कुरडया उलटायची आणि मालकांनाही उलटं व्हायला सांगायची. सून खालून ओरडली, "आत्याबाई, मामांना सावलीत घ्या, अंग लाल झालंय."

मालक पालथे पडल्या पडल्या म्हणाले, "राहू दे गं पोरी. वाळल्याबिगर तळता येत न्हाई."

रात्री पाठीला खोबरेल लावत बसले. पाठ तापलेल्या पत्र्यासारखी झाली होती. ते कण्हत होते आणि मधेच हसत होते. मला हसू येत नव्हतं, रडूही येत नव्हतं. मी तेल लावत राहिले.

मग जरा शिस्त आली. सकाळचं ऊन, थोडा वेळ, बागेच्या बांधावर खुर्ची टाकून. पुडी आठवड्याला. हळूहळू ते आधाराशिवाय उठायला लागले. मग काठी घेऊन चार झाडांपर्यंत जायला लागले. मग एक दिवस सून म्हणाली मामा दिसत नाहीत, आणि आम्ही शोधायला गेलो तर पार विहिरीपाशी उभे. औषधाचा कोर्स संपला तेव्हा डॉक्टरीणबाईंनी सगळीकडं चाचपलं, तपासणी केली आणि गाठी गेल्यात म्हणून सांगितलं. घरी येऊन पोरानं पेढे वाटले. आक्काही आली. भावाला बांधावर उन्हात बसलेलं पाहून मला म्हणाली, "मी तवाच म्हणत होते, त्या अंधारात कशाला कोंडलंय माणसाला." मी तिला चहा दिला.

एक बहार चांगला आला. त्यांनी स्वतः उभं राहून ताण दिला, स्वतः पाणी सोडलं. फुलांचा वास घरापर्यंत यायचा. फळ लिंबाएवढं झालं असेल तेव्हा एका सकाळी आंघोळीच्या वेळी ते म्हणाले, "हितं बघ जरा." मी बोट लावलं. मानेतच, त्याच जागी.

औरंगाबादला गेलो. तपासण्या झाल्या. आजार उलटला होता. बाईंनी मालकांना वजन करायला पलीकडं पाठवलं, मधे नुसता हिरवा पडदा, आणि मला सांगायला लागल्या की आता दुसरं औषध द्यावं लागेल, ते जास्त कडक असेल. मी ऐकत होते. मधेच माझ्या तोंडून निघालं, "मॅडम, मी खोटं बोल्ले होते."

त्यांनी पेन खाली ठेवला.

मी सगळं सांगितलं. खोली, बारदाना, फडकं, धुरी, शेपा. बागेत असत्यात म्हटलं ते. सांगताना माझा आवाज दुसऱ्याच कुणाचा वाटत होता, शेजारच्या घरातली बाई बोलावी तसा. त्या हसल्या नाहीत. एवढे दिवस ज्याला भ्याले तेच झालं नाही. मी विचारलं, "मी उन्हात जाऊ दिलं असतं तर गाठी परत आल्या नसत्या का?"

मग त्यांनी जे सांगितलं ते मी जमेल तसं लिहिते. म्हणाल्या, या आजारात ज्यांच्या रक्तात हे व्हिटॅमिन कमी असतं त्यांचं पुढं तितकंसं चांगलं होत नाही, असं डॉक्टर लोकांच्या नजरेला यायला लागलंय. पण ते कमी असतं म्हणून आजार जोर धरतो, का आजार जोरात असतो म्हणून माणूस घरात पडतो, खात नाही, आणि ते कमी होतं, हे अजून कुणी छातीठोक सांगू शकत नाही. "मावशी, तुमच्यामुळं झालं असं मी म्हणणार नाही. तुमच्यामुळं झालंच नाही असंही मला म्हणता येणार नाही. अशक्तपणा आणि हाडांचं दुखणं मात्र त्या अंधारानं वाढवलं, ते नक्की."

मी म्हणाले, "बरं." दुसरं काय म्हणणार. बाजारात भाव ऐकून म्हणतात तसं म्हणाले.

मालक पुढच्या उन्हाळ्यात गेले. कडक औषधाचा ताण झाडाला सोसला नाही. घरीच गेले, खिडकी उघडी होती. मी त्यांचे पाय चेपत होते आणि थोडा वेळ तशीच चेपत राहिले, पोरानं हात धरेपर्यंत. आक्का आली, रडली, माझ्या गळ्यात पडली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. बायका म्हणाल्या, हिला रडवा, नाहीतर हिचं काही खरं नाही. मला रडवायला त्यांनी फार प्रयत्न केले. शेवटी त्यांचं मन राखायला मी पदर डोळ्याला लावला.

आता व्हिटॅमिन डीची पुडी घरोघर झाली आहे. पुण्यात कॉम्प्युटरवर बसणारी माझी नात घेते, तिचा नवरा घेतो. फोनवर मला सांगते, "आजी, माझं डी कमी आलंय." मी म्हणते, "आधी खिडकी उघड, मग पुडी फोड." तिला वाटतं आजी चेष्टा करते. गावातल्या बाळंतिणींकडं मला अजूनही बोलावतात. मी जाते, पहिल्यांदा खिडकी उघडते आणि पोरीच्या कानाचं फडकं सोडते. म्हाताऱ्या बायका कुरकुरतात. त्यांना वाटतं मला आता चळ लागला. लागू दे.

एक सांगायचं राहिलं. आजार उलटल्याचं कळलं त्या दिवशी औरंगाबादहून परत आलो तेव्हा अजून ऊन होतं. मालक घरात न येता सरळ बांधावर जाऊन खुर्चीत बसले आणि टोपी काढून मांडीवर ठेवली. कपाळावर नवी रेघ आली होती, फिकट. मी पाणी घेऊन गेले. त्यांनी घेतलं नाही, तांब्या खाली ठेवायला सांगितलं आणि मला समोरच्या दगडावर बसवलं. त्यांच्यासमोर मी अशी शेतात कधी बसले नव्हते. ते झाडांकडं बघत होते. मला वाटलं आता शिव्या देतील, द्याव्यात असंही वाटलं. मग ते बोलले, माझ्याकडं न बघता.

"पडद्याआडून समदं ऐकलं म्या. ते डी का फी, ते डॉक्टरला बी ठाव न्हाई, तर मंग तुला कुठून असंल. मी त्या खोलीत पडून येगळाच इचार करून राह्यलो होतो. मला एक बाळंतपण झालं तर जीव नकोसा झाला. तू चार डाव निजलीस तिथं. एक डाव तर लेकरू बी गेल्तं. मी तवा बाहीर वसरीवर बसून पाव्हण्यांना चहा पाजून राह्यलो होतो. आत ऊन येतं का न्हाई, हे इचारायचं माझ्या डोक्यातच आलं न्हाई कधी."